व्हिएतनामहून दोघंच परतलो

माझ्या बायकोला हळू बोलता येत नाही. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या लायब्ररीत ती माझ्या कानात काही सांगायला लागली की पलीकडच्या टेबलांवरची माणसं माना वर करून बघतात. आमच्या लेकीच्या, अनिकाच्या शाळेत एकदा पालकसभा होती. शिक्षिकेनं माइक पुढे केला, तर हिनं तो बाजूला सारला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं भाषण ठोकलं. मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो. तिचं नाव संघमित्रा. मी मित्रा म्हणतो, आणि त्या आवाजावरून तिला छळायची एकही संधी सोडत नाही. सोडत नव्हतो, असं म्हणायला हवं. मार्चपासून मित्रा या घरात नाही. घर इतकं गप्प झालंय की फ्रिजची घरघरसुद्धा मला सहन होत नाही.

या आवाजाचं सगळं श्रेय माझ्या सासऱ्यांना. दादाराव नागपूरला महापालिकेच्या पाणी खात्यात होते. इंदोऱ्यात त्यांच्या घराजवळ विहार आहे. रविवारची वंदना झाली की ते वस्तीतल्या पोरांना एकेक करून उभं करायचे. नाव सांगायचं, वर्ग सांगायचा, आणि या आठवड्यात काय शिकलो ते शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगायचं. कोणी पुटपुटलं की दादाराव ओरडायचे, "काऊन बे, चोरून आणलं का? शिकला ना तू? मग सांग ना जोरात!" मित्रा बालवाडीत असल्यापासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत तिथे उभी राहिली. शिक्षण विचारलं की पाठ सरळ करायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि पूर्ण सांगायचं, हे तिच्या अंगातच मुरलंय.

मी कामठीचा. माझं शिक्षण सांगायला एक वाक्य पुरतं आणि तेही कोणी विचारत नाही. मित्राचं सांगायला वेळ लागतो. तिनं मिशिगनमधल्या ॲन आर्बरला पीएच.डी. केली. माणूस नसलेली छोटीशी बोट तलावात सोडायची, बोट खाली आवाज पाठवते, आणि परत आलेल्या आवाजावरून तळाशी काय पडलंय ते ओळखते. हा तिचा विषय. नंतर ती शहरांच्या पाण्याच्या पाइपांमधली गळती शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. म्हणजे बाप नागपूरच्या पाइपांवर आणि लेक नॉर्थ कॅरोलायनाच्या. मी तिला "दुसऱ्या पिढीची पाणीवाली" म्हणायचो. तिला ते फार आवडायचं.

आता व्हिसाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. अमेरिकेत काम करायची परवानगी वेगळी आणि पासपोर्टवरचा शिक्का वेगळा. शिक्का संपला तरी देशात राहून काम करता येतं. पण एकदा बाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का लागतो. तो बाहेरच्या देशातल्या वकिलातीत जाऊन घ्यायचा. माझा शिक्का नवा होता, वडील गेले तेव्हा भारतात जाऊन घेतलेला. अनिका इथेच जन्मलेली, तिला प्रश्नच नाही. मित्राचा संपलेला. तिला आईवडिलांना भेटायला नागपूरला जायचं होतं, पण भारतात शिक्क्याच्या मुलाखतीची तारीखच मिळत नव्हती.

तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच गजर चालू होता: व्हिएतनाम. तिथे तारखा मिळतात, स्वस्त आहे, समुद्र आहे, मुलं खूश होतात. एकाच खेपेत सुट्टी आणि शिक्का. आपली माणसं कशातही दुहेरी फायदा शोधतात. इथे तर तो ताटात वाढून ठेवलेला. शेजारचे मोरेश्वरकाका म्हणाले, "अरे बिनधास्त जा रे! बीच, नूडल्स आणि स्टॅम्प! आपले सगळे जाऊन आले, कोणाला काही झालं नाही." काका कधीचेच अमेरिकन नागरिक झालेत. बिनधास्त राहायला त्यांचं काय जातं? पण तेव्हा मला असं काही सुचलं नाही. मार्चमध्ये अनिकाच्या शाळेचा ट्रॅक-आउट होता, म्हणजे तीन आठवडे सुट्टी. आम्ही तिकिटं काढली.

हनोईत उतरल्या उतरल्या आमची परीक्षा झाली ती रस्ता ओलांडण्याची. स्कूटरींचा लोंढा थांबतच नाही. हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं, थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीनं चालत राहायचं, ते तुम्हाला चुकवून जातात. अनिकानं डोळे मिटून माझा शर्ट पकडला. मित्रा पुढे निघाली आणि भर रस्त्यात हात वर करून नागपुरीत ओरडली, "अबे, दिसत नाही का? लेकरू आहे सोबत!" आणि काय सांगू, खरंच दोन-चार स्कूटरी थांबल्या. पलीकडच्या फुटपाथवर बसलेल्या बायका हसून हसून बेजार झाल्या.

तिथे सकाळी नाश्त्यालाच फो खातात. तांदळाच्या शेवया, वर उकळता रस्सा, पातळ कापलेलं मांस, मूठभर हिरवा पाला. अनिकाला हा प्रकार म्हणजे स्वर्ग. "नूडल्स फॉर ब्रेकफास्ट! मम्मी, कॅन वी लिव्ह हिअर?" मला मात्र त्या माशाच्या सॉसचा वास सोसेना. मी कामठीहून आलेल्या सावजी मसाल्याची पुडी जिवापाड जपून नेली होती. मित्रानं ती ठेल्यावरच फोडली आणि रश्श्यात चमचाभर टाकली. ठेलेवाल्या आजीनं आधी संशयानं बघितलं, मग मित्राच्याच वाटीतून एक घोट घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, आणि ती अशी काही खूश झाली की मित्रानं अख्खी पुडी तिला देऊन टाकली. मी म्हणालो, "अगं, माझं काय?" म्हणे, "तू माशाचा सॉस खा. सवय होईल." पुढचे सगळे दिवस मी उकडलेली अंडी आणि केळी खाऊन काढले.

हा लाँग नावाच्या खाडीतले ते समुद्रातून वर आलेले डोंगर बघायला आम्ही बोटीवर राहिलो. दिसलं काय, तर धुकं. सकाळी धुकं, दुपारी धुकं, आणि मधूनमधून एखाद्या डोंगराचा घोटा. कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीत उतरताना माझा पाय घसरला. मी धक्क्याला लोंबकळत गुडघ्यापर्यंत पाण्यात आणि माझा फोन पार तळाला. हनोईचे सगळे फोटो त्यातच होते. मित्रा काठावर उभी राहून ओरडत होती, "थांब, माझी बोट आणते! तळाशी काय आहे ते सांगते!" मी चिडलो होतो, तरी हसू आवरेना. अनिका तर वेडीच झाली होती.

होई आनला कंदिलांचं जुनं गाव आहे आणि गल्लोगल्ली शिंपी आहेत. आज माप द्या, उद्या कपडा घ्या. मित्रानं मुलाखतीसाठी निळा कोट शिवून घेतला. बाह्या लांब झाल्या, परत गेलो, मग आखूड झाल्या, परत गेलो. तिसऱ्यांदा कोट इतका झकास बसला की ती तो घालूनच नदीकाठी जेवायला आली. भर उकाड्यात, कोट घालून. मी म्हणालो, "डॉक्टरीणबाई, घाम पुसा." ती म्हणाली, "राहू दे. मला यात छान वाटतंय."

दा नांगला समुद्राकडे बघणाऱ्या टेकडीवर विहार आहे आणि करुणेच्या देवीची पांढरीशुभ्र उंच मूर्ती. आमच्या विहारांपेक्षा सगळं वेगळं. उदबत्त्यांचा धूर, लाकडी कोरीवकाम, फळांच्या राशी. आत बुद्धाच्या मूर्तीसमोर मित्रा बसली आणि तिनं तिच्या त्या आवाजात त्रिशरण-पंचशील सुरू केलं. मी इकडेतिकडे बघत होतो, कोणी रागावतं की काय. करड्या कपड्यांतल्या तीन म्हाताऱ्या आल्या, तिच्या मागे बसल्या आणि हात जोडून ऐकत राहिल्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं असंही म्हणता येणार नाही, कारण बुद्धाचं नाव आलं की त्या माना हलवायच्या. शेवटी एकीनं अनिकाच्या ओंजळीत केळी ठेवली. त्या दुपारी मला वाटलं, आपल्याला सगळं मिळालंय. असं वाटायला नको होतं, असं आता मनात येतं.

मग सायगॉन. मुलाखत तिथे होती.

वकिलातीच्या आत फक्त अर्जदाराला सोडतात. मी आणि अनिका समोरच्या रस्त्यावर, फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलो. मी बर्फातली कडक कॉफी घेतली. अनिकानं बान मी, म्हणजे कुरकुरीत पावात भरलेलं मांस आणि लोणचं. पाव चावताना तिचा हलणारा दात पडला. ती दात मुठीत धरून मम्मीची वाट बघत होती.

मित्रा बाहेर आली ती हसतच. निळा कोट, हातात हिरवा कागद, रस्ता ओलांडायच्या आधीच बोलायला सुरुवात. "राकेश, इतका छान झाला इंटरव्ह्यू! तो माणूस काय लक्ष देऊन ऐकत होता माहितीये? मी सांगितलं पाइपलाइनचं काम करते. मग त्यानं विचारलं, पीएच.डी. कशात? मी सगळं सांगितलं. बोट, साउंड, सिग्नल, सगळं. त्यानं विचारलं, याचा आणखी कुठे यूज होतो? मी म्हटलं, पाण्याखाली लपलेलं काहीही शोधता येतं. काहीही! तो टाइप करत होता, यार. माझ्या थीसिसमध्ये गाइडलासुद्धा एवढा इंटरेस्ट नव्हता."

मी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की अर्जाची आणखी तपासणी करावी लागेल आणि त्याला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

माणूस नसलेली बोट, पाण्याखाली लपलेलं काहीही. एखाद्या कारकुनाला हे ऐकून काय काय दिसेल, ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या दिसलं. पाणबुड्या दिसल्या, सुरुंग दिसले. नागपूरच्या विहारात शाबासकी मिळाली असती असं उत्तर होतं ते. खोटं काही नव्हतं, कमीजास्त काही नव्हतं. गळक्या पाइपांवर थांबली असती तर शिक्का घेऊन बाहेर आली असती.

"काय झालं?" मित्रानं विचारलं. "रूटीन असेल ना?" मी म्हणालो, "हो, रूटीनच." अनिकानं तिला दात दाखवला. मित्रानं तो नॅपकिनमध्ये गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला. तो अजून तिच्याकडेच आहे.

संध्याकाळपर्यंत आमची व्हिसाची कागदपत्रं बघणाऱ्या अमेरिकेतल्या वकिलाशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, वेबसाइट बघत राहा. वेबसाइटवर तिच्या नावापुढे शब्द होता "रिफ्यूज्ड". वकील म्हणाला, "डोन्ट वरी, तपासणी चालू असली तरी तिथे हाच शब्द येतो." मला त्या वाक्याचा इतका संताप आला. नकार दिलाय असं लिहायचं आणि वर सांगायचं की नकार समजू नका!

उरलेले दिवस आम्ही सायगॉनमध्ये फिरलो असं नावापुरतं म्हणायचं. अनिकासाठी प्राणिसंग्रहालयात गेलो, नदीत बोटीत बसलो. मित्रा दर थोड्या वेळानं फोन बघायची. सुट्टी संपली. माझी रजा संपली, अनिकाची शाळा उघडत होती. मित्रा म्हणाली, "तुम्ही जा. आठवड्याभरात येईल माझं. मी इथेच थांबते, पासपोर्ट इथेच द्यायचाय ना."

विमानतळावर ती भरभर सूचना देत होती. तिच्या केसांना तेल लाव, लायब्ररीचं पुस्तक परत कर, सायन्स प्रोजेक्टचा बोर्ड कपाटाच्या मागे आहे. तिच्या आवाजानं चेक-इनच्या रांगेतली माणसं वळून बघत होती. पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली नाही. वाटत होतं, बोलत राहा. अनिकानं विचारलं, "मम्मी, आर यू कमिंग ऑन फ्रायडे?" मित्रा म्हणाली, "हो रे राजा. नाहीतर पुढच्या फ्रायडेला."

शुक्रवार येत गेले. मित्रा एका लहानशा गेस्टहाउसात राहत होती. घरमालकीण तिच्या दाराशी रश्श्याची वाटी ठेवून जायची. सुरुवातीला मित्रा आम्हाला व्हिडिओवर बाजार दाखवायची, ड्रॅगन फ्रूट कापून दाखवायची. मग खोलीचा पंखाच दिसायला लागला. व्हिएतनाममध्ये राहायची मुदत संपत आली तेव्हा ती नागपूरला गेली. किती वर्षांनी लेक घरी आली होती, पण तिच्या आईनं शेजाऱ्यांना सांगितलं, सुट्टीवर आलीये.

दादारावांनी मला फोन केला. हा माणूस फोनवरही भाषण करतो. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज मला नीट ऐकू येईना. म्हणाले, "राकेश बेटा, माझ्यापायी झालं हे. मीच शिकवलं होतं तिला."

"बाबा, असं नका बोलू," मी म्हणालो. मग ते म्हणाले, "अनिकाला जय भीम सांग," आणि फोन ठेवला. मी गाडीत बसलो होतो, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. तिथेच रडलो.

इकडे मी काय काय केलं नाही? खासदाराच्या ऑफिसला पत्रं लिहिली. उत्तर आलं, आम्ही चौकशी केली, तपासणी चालू आहे. वकिलाला फोन करून करून असा वीट आणला की त्याची सेक्रेटरी माझा आवाज ओळखायला लागली. रोज सकाळी वेबसाइट उघडायचो आणि तोच शब्द. ग्रुपवर लोक सांत्वन करत होते, "होतं रे, माझ्या कलीगचं तर वर्षभरानं आलं." मी ग्रुप सोडला. मोरेश्वरकाका रस्त्यात भेटले की मी फोनवर बोलत असल्याचं सोंग करायचो. त्यांच्यावर राग काढून काय उपयोग हे मला कळत होतं. तरी काढायचो.

अनिकाचे केस कमरेपर्यंत. मित्रा रोज दोन घट्ट वेण्या घालायची. मी युट्यूबवर बघून शिकलो. माझ्या वेण्या शाळेच्या बसपर्यंत टिकायच्या नाहीत. एका शनिवारी ती स्वतःच म्हणाली, "बाबा, जस्ट कट इट." मॉलमध्ये नेऊन खांद्यापर्यंत कापले. मित्रानं स्क्रीनवर बघितलं. म्हणाली, "छान दिसतेस गं." मग कॅमेरा बंद झाला. "नेटवर्क गेलं," असं तिनं नंतर सांगितलं.

हळूहळू अनिका फोनवर यायला कंटाळायला लागली. आमची संध्याकाळ म्हणजे मित्राची पहाट. ती उठून, केस विंचरून बसलेली असायची आणि अनिका आतून ओरडायची, "टेल हर आय हॅव होमवर्क." मी मित्राला सांगायचो, ती चेस क्लासला गेलीये. मित्रा म्हणायची, "बरं. उद्या." तिच्या मागे, नागपूरच्या त्या खोलीत, खुंटीला निळा कोट लटकत होता.

शाळा सुटल्यावर अनिकाला सांभाळायची मोनाली. ती आमच्याच ओळीत राहते, अकोल्याची, बी.फार्म. झालेली, नवऱ्याच्या व्हिसावर आली आणि घरीच बसली. त्या व्हिसावर काम करता येत नाही. पूर्वी मित्रा तिच्या मागे लागायची, "मोनाली, काहीतरी शोध, कोर्स कर, अशी घरी कुजू नकोस." मोनाली मनाला लावून घ्यायची नाही, हसायची. त्या काही महिन्यांत ती नसती तर माझी नोकरीही गेली असती. डबा तिचा, अभ्यास तिचा, सर्दीचं औषध तिचं.

ऑगस्टमध्ये मित्राच्या कंपनीचा फोन आला. भारतात बसून तिला हे काम करता येणार नव्हतं, शहरांचा डेटा देशाबाहेर पाठवायची परवानगी नव्हती. ते बिचारे फार नम्रपणे बोलले. म्हणाले, आता ही जागा अशी रिकामी ठेवता येत नाही. नोकरी गेली म्हणजे नोकरीचा व्हिसाही गेला. ज्या तपासणीची आम्ही वाट बघत होतो, तिला आता काही अर्थच उरला नाही.

वकील म्हणाला, एक रस्ता आहे. तिनं तुमची बायको म्हणून अर्ज करावा. डिपेन्डन्ट. काम करणार नसेल तर तपासायला फारसं काही उरत नाही.

मी मित्राला सांगितलं. ती म्हणाली, "नाही."

"मित्रा, तात्पुरतं."

"तात्पुरतं किती? मोनालीला विचार, तात्पुरतं किती असतं ते. माझी आई लोकांच्या घरी भांडी घासत होती, राकेश, मी ॲन आर्बरला होते तेव्हासुद्धा. मी डिपेन्डन्ट म्हणून येऊ?"

"मग आम्ही येतो नागपूरला. मी नोकरी सोडतो."

"वेडा आहेस का? माझी गेली, आता तुझीही घालवायची?" ती इतक्या जोरात ओरडली की फोनमधून खरखर आली. त्या दिवशी आम्ही जे भांडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे बरेच दिवस आम्ही फक्त अनिकाच्या शाळेबद्दल बोललो.

मग अनिकाला फ्लू झाला. अंग भाजत होतं. मी सुट्टी घेऊन घरी होतो. मित्राला फोन लावून टॅब्लेट उशीशी टेकवून ठेवला. मित्रा तिला गोष्ट सांगत होती, नेहमीच्या आवाजात नाही, अगदी हळू, जसं तिला कधीच जमलं नव्हतं. अनिकानं डोळे उघडले, स्क्रीनकडे बघितलं आणि रडायला लागली. "आय वॉन्ट मोनाली मावशी. बाबा, कॉल मोनाली मावशी."

मी टॅब्लेटकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. मोनालीला बोलावलं. ती आली, तिनं कपाळावर ओली पट्टी ठेवली, अनिका तिचा हात धरून झोपली. टॅब्लेट तसाच चालू होता. मित्रा बघत होती. मोनालीला ते दिसलं तेव्हा ती बिचारी घाबरून म्हणाली, "ताई, तापात आहे ती, तिला काही कळत नाहीये."

"मला माहितीये गं," मित्रा म्हणाली. "पट्टी बदल, गरम झाली असेल."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अर्ज उघड," म्हणाली.

आम्ही दोघांनी मिळून भरला. तिचं नाव, जन्मगाव, आईचं नाव, ती सांगत होती आणि मी टाइप करत होतो. शिक्षण आलं. ते सगळं तिनं खरंखरं सांगितलं, विषयासकट. लपवायचं काही नव्हतंच. मग व्यवसाय आला. तिथे लांबलचक यादी उघडते, त्यातून एक निवडायचं असतं. मी वाट बघत होतो. ती म्हणाली, "ते तू निवड. मला वाचून दाखवू नकोस."

मी 'होममेकर' निवडलं. ती म्हणाली, "झालं? पुढचा प्रश्न वाच."

मुंबईत तारीख मिळायला वेळ लागला. मुलाखतीला मात्र मिनिटभरसुद्धा लागलं नाही. खिडकीपलीकडच्या बाईनं विचारलं, तिकडे जाऊन काय करणार? मित्रा म्हणाली, मुलीला सांभाळीन. तिला काचेपाशी येऊन पुन्हा सांगावं लागलं, पहिल्यांदा ऐकूच गेलं नव्हतं. शिक्का मिळाला. दादाराव बाहेर उन्हात उभे होते. त्यांनी विचारलं, काय विचारलं पोरी? ती म्हणाली, काही नाही बाबा, रूटीन.

हे मला तिनं त्याच दिवशी व्हिडिओवर सांगितलं. परवा तिचं विमान आहे. अनिका माझ्या मांडीवर चढून बसली होती, खूप दिवसांनी आपणहून. तिला मी सांगितलं, मम्मी येतेय. तिनं आधी मित्राकडे नीट बघितलं, जणू खात्री करून घेत होती. मग विचारलं, "विल शी गो टू ऑफिस?"

मी काही बोलायच्या आत मित्रा म्हणाली, "नाही रे राजा. आता ऑफिस नाही."

"नो ऑफिस? एव्हर? यू विल बी होम एव्हरी डे?"

"एव्हरी डे."

अनिका मांडीवरून उडी मारून उतरली आणि सोफ्यावर नाचायला लागली. "येस! येस! मम्मी इज गोइंग टू बी होम! बेस्ट डे एव्हर!" मित्रा स्क्रीनवर हसली. मम्मीला हसताना बघून अनिका आणखीनच उड्या मारायला लागली. माझ्यानं तिथे बसवेना. मी उठलो आणि सिंकमधली भांडी घासायला घेतली.